आप्पांच्या ओम्नीची किल्ली

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 44. नवरा मुंबईत नोकरीला, मुलगी तालुक्याच्या गावी अकरावीला. घरी त्या, दम्याने बेजार सासूबाई आणि 76 वर्षांचे सासरे. सासरे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, घरात आणि वाडीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांकडे 2011 सालची मारुती ओम्नी आहे. बाजार, दवाखाना, आंब्याच्या पेट्या, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची ने-आण, रात्री-अपरात्री वाडीतल्या कुणाला डॉक्टरकडे पोचवणं, सगळं या एका गाडीवर चालतं. गेल्या दोन वर्षांत गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला, डाव्या दारावर गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, लांबलचक ओरखडा उठला, आणि श्रावणात एका तिन्हीसांजेला, पावसात, व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, मोरीच्या छोट्या पुलावरून डावं चाक खाली उतरलं. गाडीत शेजारच्या काकी आणि त्यांचा नातू होता. कुणाला लागलं नाही, चार-पाच जणांनी गाडी उचलून वर घेतली. तेव्हापासून मुंबईहून रोज फोन येतो, "किल्ली काढून घे, गाडी विकून टाक." आप्पांचं उत्तर एकच, "मी काय म्हातारो झालंय?" ताई विचारतात, "किल्ली लपवून ठेवू का? की कुणाला मध्ये घालून समजावू? मला स्कूटी येते, पण दम लागलेल्या माणसाला रात्री स्कूटीवर कसं न्यायचं? घरात गाडी चालवणारं दुसरं कोणीच नाही."

ताई,

किल्ली लपवू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण मी स्वतः ते करून बसले आहे.

माझे वडील सत्तरी ओलांडल्यावरही रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात स्कूटरवर फिरायचे. एका पावसाळ्यात शेवाळावरून दोनदा घसरले. मी घाबरले आणि एका रात्री स्कूटरची किल्ली देवघरात तसबिरीमागे ठेवून दिली. सकाळी ते बाहेर पडले, स्कूटरपाशी उभं राहून सदऱ्याचे खिसे चाचपले, मग परत येऊन पडवीतल्या बाकावर बसले. कुणाला काही विचारलं नाही. किल्ली कुठे आहे ते त्यांना त्याच दिवशी कळलं असणार, कारण रोजची पूजा तेच करायचे. तसबिरी पुसून झाल्यावर ती किल्ली ते पुन्हा तिथेच ठेवत असतील, वर्षभर. त्यानंतर मी "चला, मी नेते बाजारात" म्हटलं तरी यायचे नाहीत. कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा न घेणारा माणूस, पण ताटात येईल ते मुकाट्याने खाऊ लागला. पुढे दुसऱ्याच कारणासाठी डोळे तपासले तेव्हा कळलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया झाली, स्वच्छ दिसू लागलं. स्कूटरवर मात्र ते परत बसले नाहीत. मी किल्ली काढून घेतली होती, पण ते का घसरतात, हे विचारलंच नव्हतं.

म्हणून तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते हातात पेन घेऊन. आरसा डावा. ओरखडा डाव्या दारावर. मोरीवरून उतरलं तेही डावं चाक. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू त्याच्यापासून लांब राहते आणि तिचा अंदाज कुणाचाही चुकू शकतो. त्यात आपल्या वाड्यांतले रस्ते असे की समोरून टेम्पो आला की गडग्याला अंग घासल्याशिवाय सुटका नाही. हे सगळं खरं. पण ज्या माणसाने उभी नोकरी एसटीसारखी रुंद गाडी अशाच रस्त्यांवरून काढली, त्याचा अंदाज आत्ताच, दोन वर्षांत, आणि एकाच बाजूला चुकायला लागला असेल, तर "वय झालं" म्हणून विषय मिटवता येत नाही.

काचबिंदू नावाचा आजार असतो. त्यात समोरचं नीट दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पत्ताही लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेवर थेंब सुरू झाले तर उरलेली राखता येते. मोतीबिंदूची तऱ्हा वेगळी. समोरच्या गाडीचा अप्पर, म्हणजे वरचा झोत, डोळ्यात फुटतो, ओल्या डांबरावर उजेड पसरतो, तिन्हीसांजेला काळपट रस्ता कुठे संपतो आणि कठडा कुठे सुरू होतो ते उमगत नाही. तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने सुटतो. आणि कसलाही आजार नसला तरी वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, उजेड कमी शिरतो. तरण्या माणसाला जेवढ्या उजेडात भागतं तेवढ्यात म्हाताऱ्या डोळ्यांचं भागत नाही. मोरीवरचा प्रकार तिन्हीसांजेचा होता, पावसातला होता. भर दुपारी आप्पांच्या हातून काय चुकलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, बहुधा काहीच चुकलं नसेल.

मला इथून निदान करता येत नाही, करायचंही नाही. पण पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, हे नक्की. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणला म्हणजे झालं, असं नाही. डॉक्टरांना सरळ सांगा की हे गाडी चालवतात आणि डावीकडे चुकतंय, तर डोळ्याचा दाब आणि कडेची नजर दोन्ही तपासा. जाताना आप्पांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. साखरेच्या काही औषधांनी जेवण पुढे-मागे झालं तर साखर एकदम उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना भोवळ येते. आणि सर्दी-खोकल्याचं साधं वाटणारं औषध अशी झापड आणतं की बसल्या जागी मान कलंडते. घरी एक गोष्ट तुम्हीही बघा. खुर्चीत बसून आप्पांची मान डाव्या खांद्याकडे किती वळते? मान धरली असेल, तर माणूस आरशावर विसंबतो. आणि तुमच्या गाडीचा तोच आरसा दोनदा तुटला आहे. आत्ता तो धड आहे ना?

आप्पा तपासणीला तयार होणार नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. "तुमचं वय झालं" अशी सुरुवात केलीत तर नाहीच होणार. पण एसटीत ड्रायव्हरची नजर ठरावीक काळाने तपासतात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं आहे. तेव्हा त्यात कुणाला अपमान वाटला नाही, तो कामाचाच भाग होता. त्याच भाषेत बोला. "आप्पा, डेपोत असता आणि मोरीवर असं झालं असतं, तर डोळे तपासल्याशिवाय दुसऱ्या दिवशी ड्यूटी दिली असती का?" याचं उत्तर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि हे तुम्ही एकट्या बोला. दुपारची झोप काढून उठले की चहा देताना बोला. मुंबईचा फोन स्पीकरवर लावून, शेजाऱ्यांना पडवीत बसवून नको. चार माणसांदेखत आप्पांच्या वयाचा माणूस "नाही" हाच शब्द बोलणार, आणि मग त्या शब्दाला चिकटून राहणार.

तपासणी होईपर्यंत काय? तोवर दिवे लागल्यावर गाडी बाहेर नाही, पावसात नाही, हायवेवर नाही, आणि घराबाहेरचं माणूस गाडीत नाही. विशेषतः लहान मूल नाही. हे मी कडक सांगते आहे, कारण मोरीखाली व्हाळ होता आणि गाडीत काकींचा नातू होता. डॉक्टरांनी तपासून "आता बस" म्हटलं, तर मग खरोखर बस. तिथे माया आड आणू नका. पण ते डॉक्टरांना म्हणू दे. तुम्ही त्याआधीच निकाल देऊन टाकू नका.

एक कागदही बघून घ्या. ज्या पेटीत आप्पांचा एसटीचा बिल्ला असेल, त्यातच कुठेतरी लायसन्स असेल. त्यावरची मुदत वाचा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे लायसन्स एका वेळी पाच वर्षांचंच मिळतं, आणि नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1-अ, लागतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. कितीतरी घरांत जुनं लायसन्स प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं मी पाहिलं आहे, आणि मुदत कधीच टळून गेलेली. लायसन्स चालू नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि समोरच्याची भरपाई घरावर येते. आप्पांचंही तसंच झालं असेल, तर नूतनीकरण हे तपासणीसाठी तुमच्या हातातलं दुसरं निमित्त. तो नियमच आहे, त्यात सुनेचा हट्ट कुठे आला?

विम्यावरून आठवलं. तुम्ही लिहिलं आहे की वाडीतली माणसं "पेट्रोलला म्हणून" शंभर-दोनशे हातावर ठेवतात. शेजारधर्मात ते सहज होतं, मला समजतं. पण पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही. उद्या कुणी म्हणालं की आम्ही पैसे देऊन बसलो होतो, तर विमा अडकतो. आप्पांना हे सांगा आणि ते पैसे घेणं बंद करा. मदत म्हणून नेलं तर नेलं.

आता गाडी विकायची की नाही. तुमच्या यजमानांवर मी रागावलेली नाही. रोज रात्री काळजीने फोन करणारा मुलगा तो. पण ते जिथे राहतात तिथे कोपऱ्यावर रिक्षा उभी असते, काही मिनिटांनी लोकल येते. तुमच्याकडे सकाळी वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला थांबलेली, एसटी सुटली की पुढच्या गाडीची वाट बघायची. मुंबईत "विकून टाक" म्हणणं सोपं आहे, कारण तिथे गाडी गेली तरी माणूस घरी अडकत नाही.

तरीही, ओम्नी नेमकं किती काम करते ते तुम्हालाही नीट माहीत नसेल. एक वही घाला. महिनाभर प्रत्येक फेरी लिहा, कोण, कुठे, कशासाठी, किती वाजता. मी दोन-तीन घरांना हे करायला लावलं आहे. प्रत्येक ठिकाणी असंच दिसलं की पुष्कळ फेऱ्या दिवसाच्या, बाजाराच्या, बँकेच्या असतात आणि त्या एसटीने होण्याजोग्या असतात. पंचाहत्तरी पार केलेल्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आप्पांना तर फुकट, तुम्हाला निम्म्यात. शिवाय एसटीत बसले की आप्पांना त्यांचं जुनं जग भेटेल. कंडक्टरशी ओळख निघेल, कुठल्या डेपोत कोण होतं याच्या गोष्टी निघतील.

त्या वहीत थोड्या फेऱ्या मात्र अशा निघतील ज्यांना पर्याय नाही. रात्री दोनचा दमा. हंगामात पहाटे पेट्या नांदगाव तिठ्यावर पोचवणं. आधी दम्याचं बोलू. रुग्णवाहिकेचा 108 हा नंबर महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रीही येते. पण फोन केल्यावर "आंब्याखालून आत वळा" असं सांगून भागत नाही. गाव, वाडी, मुख्य रस्त्यापासूनची खूण, जवळची शाळा किंवा देऊळ, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे धांदलीत मुलगीसुद्धा वाचून सांगू शकेल. तुमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी असेल तर हातांची प्लास्टिकची खुर्ची ठरवून ठेवा. आजाऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं की चिऱ्याच्या पायऱ्या उतरता येतात, पाठुंगळी घेतलं तर दम्याचा माणूस आणखी गुदमरतो. तिठ्यावरच्या रिक्षावाल्याशी आजच बोलून ठेवा. रात्री उठायला तो किती घेईल, त्याचा फोन उशाशी असतो का, हे आधी विचारलेलं बरं. आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा की दम्याचा फवारा घरी कसा, किती वेळा द्यायचा, आणि कोणत्या लक्षणानंतर घरी थांबायचंच नाही. कितीतरी रात्री त्यानेच निभावतील.

एवढं करूनही आपल्या भागात रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, रिक्षावाला लग्नाला गेलेला असतो. तेव्हा घरात गाडी हवीच, या मताची मी आहे.

आणि इथे मी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी येते. "घरात गाडी चालवणारं दुसरं कोणीच नाही." ताई, तुम्ही 44 वर्षांच्या आहात. स्कूटी चालवता. पावसाळ्यात त्या निसरड्या घाटीवरून, पुढे गॅसचा सिलिंडर नाहीतर मागे नारळाचं पोतं घेऊन जात असाल, कारण आपल्याकडच्या सगळ्याच बायका जातात. रस्ता तुमच्या अंगवळणी पडला आहे. कुठल्या वळणावर म्हशी बसतात, कुठे हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. फक्त क्लच आणि गिअर माहीत नाहीत. मग पूर्ण पत्रात, आप्पा चालवतील, नाहीतर कोणीच नाही, असं का आलं? तुम्हाला कुणी "तू शिक" म्हटलं नाही, एवढंच ना? मला 43 व्या वर्षापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. मी शिकले तेव्हा पहिल्या आठवड्यात चढावर गाडी मागे येताना पाय थरथरायचे. महिन्याभरात तो थरकाप गेला.

आधी मोटार ड्रायव्हिंग स्कूल लावा. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे सुरुवातीच्या चुका निभावतात. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइनही देता येते. तुम्ही चाळिशीपुढच्या, म्हणून फॉर्म 1-अ तुम्हालाही लागेल. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाले की पक्क्यासाठी चाचणी देता येते. आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागतो तेव्हाची तारीख बघून ठेवा, म्हणजे ओरोसच्या आरटीओ कचेरीपर्यंतची खेप वाचेल. स्कूटीचं लायसन्स असेल तर त्यातच चारचाकी वाढवून मिळते. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं, तेव्हा पन्नाशीची वाट बघू नका.

स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवतील. पण आपल्या रस्त्यावर चालवणं स्कूलमध्ये शिकवत नाहीत. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची कशी, समोरून एसटी आली तर साइड देताना कुठल्या बाजूची माती दगा देते, उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये कसं यायचं, पाणी भरलेल्या मोरीवरून कधी जायचंच नाही. फोंडा घाट, करूळ घाट पावसात उतरवलेला माणूस तुमच्या पडवीत बसला आहे. त्याच्याइतका चांगला गुरू तुम्हाला पैसे मोजून मिळायचा नाही. त्यांना म्हणा, "आप्पा, मला शिकवा." खोटं गोड बोलण्यासाठी म्हणू नका. खरंच शिका. नियमाने शिकाऊ माणसाशेजारी चालू लायसन्स असलेला माणूस बसावा लागतो आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावावा लागतो. म्हणजे आप्पांचं लायसन्स चालू असणं आता तुमच्यासाठीही गरजेचं आहे. डॉक्टरांनी त्यांना चालवायला मनाई केली, तर मात्र शेजारी दुसरं माणूस हवं. तरी मागच्या सीटवरून आप्पा बोलू शकतात. बोलतीलच.

वाडीत लोक काय म्हणतील? पहिले पंधरा दिवस पोरं गाडीमागे पळतील, कुणीतरी "सुनेने म्हाताऱ्याची गाडी घेतली" म्हणेल. एकदा कुणाला तुम्ही वेळेवर दवाखान्यात पोचवलं की ते बोलणं थांबेल. रस्त्यावर अपघातात सापडलेल्या अनोळखी माणसाला नेताना पोलिसांच्या कटकटीची भीती घालतील, तीही मनातून काढा. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

गाडीचं काय? ओम्नीवर आप्पांचा जीव आहे, आणि गाडी कामाची आहे यात वाद नाही. सरकत्या दारातून पेट्या भरता येतात, पुढे बॉनेट नसल्याने अरुंद रस्त्यावर पुढचं टोक डोळ्यासमोर असतं. पण तोच तिचा धोकाही आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, ड्रायव्हर चाकावर बसलेला, आणि त्याच्या गुडघ्यांपुढे नुसता पत्रा. समोरून धडक बसली तर मध्ये काही नाही. एअरबॅग नाही. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे रिकामी गाडी चिखलात आणि शेवाळावर मागून सरकते. कंपनीने 2019 मध्ये ओम्नी बनवणं बंद केलं. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली, म्हणजे पुन्हा नोंदणी, त्यासाठी तपासणी, आणि पर्यावरण कर.

त्याआधी गाडी खालून बघा. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा वरून चकचकीत आणि आतून पोखरलेला असतो. पायाखालची मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळाचा पत्रा टोचा. टोक आत गेलं तर समजा. सरकत्या दाराची पट्टी, दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं, ती आंब्याच्या पानांनी बुजतात आणि पाणी आतच राहतं. गॅरेजवाल्याला चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी दाखवायला सांगा. ती गंजून फुगली असेल तर गाडी आजच उभी करा, मग चालवणारा 76 वर्षांचा असो की 26 चा. या गाडीतून कधी मासळीच्या टोपल्या नेल्या असतील, तर मागचा तळ आणखी बारकाईने बघा. बर्फाचं खारट पाणी तिथेच मुरतं.

तळ धड निघाला तर हीच गाडी ठेवा. ओळखीचा गॅरेजवाला आहे, डाव्या कुशीवर ओरखडा आधीच आहे, शिकताना आणखी एक उठला तर बिघडत नाही. दिवसा, गावात, तिठ्यापर्यंत. हायवेवर रोज जायची वेळ आली किंवा तळ गेलेला निघाला, तर जुन्यावर पैसे ओतू नका. 2019 च्या जुलैनंतरची छोटी सेकंडहँड गाडी बघा. तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले, आणि चाकं लॉक होऊ न देणारे ब्रेक त्याच वर्षी थोडे आधी. फक्त एक जपा. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून लांबच्या तालुक्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. एरवी आत गुंडाळलेला राहणारा तो भाग कुणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. काचा लावून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही.

मुंबईतल्या मुलांनाही, तुमच्या यजमानांसारख्यांना, माझं एक मागणं आहे. गावाकडच्या गाडीचा निर्णय फोनवर घेऊ नका. चार दिवस रजा काढा, वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः न्या, येताना त्यांच्या शेजारी बसून या आणि रस्त्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघा. बायकोच्या ड्रायव्हिंग स्कूलची फी भरा. आणि ओम्नीचा विमा, पीयूसी, नोंदणी यांच्या तारखा स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा, तेवढं तर मुंबईतून होतं.

ताई, श्रावण सरला, आता उघडीप मिळेल. एखाद्या सकाळी दोघं जण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जा. तिथे रस्ता सरळ आहे, गडगा नाही, व्हाळ नाही, उजेड भरपूर. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू नका. तुम्ही उजवीकडे बसा, आप्पांना डावीकडे बसवा. सीट पुढे ओढा, पाय क्लचपर्यंत पूर्ण पोचतो ना बघा. मग डावा आरसा लावून घ्या, आणि त्यांनाच विचारा, "आप्पा, यात मागचं चाक कुठे दिसायला हवं?"